अ‍ॅफिलिएटची लबाडी: पकडायची कशी, वर्गवारी लावायची कशी

अथणीत शिवलेल्या कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणाऱ्या एका दुकानाचे अ‍ॅफिलिएट, म्हणजे दुकानाची लिंक लावून विक्रीमागे कमिशन घेणारे, मी सांभाळतो. (अथणीच्या चपला कोल्हापुरी कशा, असं विचारू नका. २०१९ च्या जीआय (भौगोलिक मानांकन) नोंदणीत महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, त्यांत अथणीचा बेळगाव जिल्हा आहे.) कमिशनचा हिशेब आला की चोर शोधणं आलंच.

पहिलं काम: डॅशबोर्ड बंद करा आणि क्लिकचा कच्चा लॉग, म्हणजे एकेका क्लिकची नोंद, मागवा. क्लिकची वेळ, ऑर्डरची वेळ, आधीचं पान, कूपन, पिन कोड, पार्सलचं शेवटी काय झालं, एवढं हवंच. नेटवर्कवाले (दुकान आणि अ‍ॅफिलिएट यांच्यातली ट्रॅकिंग कंपनी) देत नसतील तर नेटवर्क बदला.

दुसरं: परताव्याची मुदत संपेपर्यंत कमिशन देऊ नका. स्वतःच कॅश ऑन डिलिव्हरीवर ऑर्डरी टाकून पार्सल नाकारणारे एवढ्यानंच गळतात.

तिसरं काम वर्गवारीचं, आणि इथं मी वर्षभर ठेचा खाल्ल्या. नेटवर जिथं बघाल तिथं एकच सल्ला: एकाच आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) अनेक ऑर्डरी, रेफरर (म्हणजे आधीचं पान) कोरा, राज्य जुळत नाही, म्हणजे फ्रॉड. सीमाभागात तरी हा सल्ला चुलीत घाला. मोबाइल कंपन्या एकाच आयपीमागे कितीतरी ग्राहक बसवतात. व्हॉट्सअ‍ॅपवरून उघडलेल्या लिंकचा रेफरर बहुधा कोराच येतो. राज्याचं म्हणाल तर निपाणीचा माणूस कागलला कामाला जातो, सिम महाराष्ट्राचं, पार्सल कर्नाटकातल्या ५९१ च्या पिनवर, आणि आयपी दाखवतो पुणे नाहीतर बंगळूर.

खानापूरकडच्या एका पोराचं दोन महिन्यांचं कमिशन मी असंच अडकवलं. नऊ ऑर्डरी, पत्ता एकच. शेवटी फोन केला तेव्हा कळलं, तो पत्ता गावातल्या किराणा दुकानाचा. कुरिअरवाला त्याच्या पुढं जातच नाही. "सर, मी काय चूक केलो?" एवढंच तो म्हणाला. पैसे दिले, पण आमची लिंक त्यानं परत लावली नाही.

तेव्हापासून मी दोनच गोष्टी आधी बघतो: क्लिक आणि ऑर्डर यांच्यातलं अंतर, आणि शंभर क्लिकांमागे ऑर्डरी किती. यातून लबाडीचा प्रकार कळतो.

क्लिक ढीगभर, ऑर्डरी नावाला, आणि त्याही क्लिकनंतर कधी दोन दिवसांनी, कधी वीस दिवसांनी विखुरलेल्या: हे कुकी भरणारे. कुठल्या तरी पानावर न दिसणाऱ्या चौकटीत आपली लिंक उघडतात, पाहुण्याच्या ब्राउझरमध्ये कुकी, म्हणजे तो कोणाच्या लिंकवरून आला याची खूण, बसते, पुढं तो आपणहून चपला घ्यायला आला की कमिशन यांचं. खात्री करायला ट्रॅकिंगमधले क्लिक आणि दुकानाच्या अ‍ॅनालिटिक्समधल्या भेटी शेजारीशेजारी मांडा. क्लिक आहे पण माणूस पानावर फिरलाच नाही, असं शेकड्यांनी दिसलं तर सोडू नका. हा किरकोळ गुन्हा नव्हे. ईबेचा अ‍ॅफिलिएट असलेल्या शॉन होगनला याच उद्योगासाठी अमेरिकेत २०१४ साली पाच महिन्यांची कैद झाली.

याच्या उलट, क्लिक थोडे, बहुतेकांची ऑर्डर होते, तीही मिनिटाभरात: इथं घाई करू नका. पहिली चप्पल टोपलीत कधी पडली ती वेळ काढा. क्लिकच्या आधी पडली असेल तर हा कूपनच्या एक्स्टेंशनवाला, म्हणजे ब्राउझरला जोडलेल्या कूपन शोधणाऱ्या प्रोग्रॅममधून पैसे भरायच्या पानावर मधे घुसणारा. शेवटचा क्लिक ज्याचा त्याचं कमिशन, या नियमावर तो जगतो. माझ्या मते हा चोर नव्हे, फुकट्या आहे. करारात त्याचा दर वेगळा लिहा. क्लिकच्या नंतर पडली असेल तर तो खरा विक्रेता असण्याची शक्यता मोठी. मैत्रिणींच्या ग्रुपवर फोटो टाकला की ऑर्डरी अशाच धडाधड येतात.

राहिले आपल्याच दुकानाच्या नावावर सर्चमध्ये जाहिरात लावून, आपल्याकडे येणाऱ्याच ग्राहकाचं कमिशन खाणारे. बेळगावात बसून हे कधीच दिसणार नाहीत, कारण जाहिरात लावताना ते दुकानाचं गाव वगळतात. मी पुण्याच्या मावसभावाला रात्री अकरानंतर दुकानाचं नाव शोधायला लावतो. जाहिरात दिसली की आधी पूर्ण लिंकसकट स्क्रीनशॉट, मगच त्यानं क्लिक करायचं.

प्रकार ठरला की अ‍ॅफिलिएटला मेल करा: प्रकाराचं नाव, तीन ऑर्डर क्रमांक, उत्तराला सात दिवस. "संशयास्पद हालचाल" असलं मोघम लिहू नका. खरा चोर त्यावर वाद घालत बसतो, आणि खरा माणूस गप्प निघून जातो.