शाळेची परसबाग: सुट्ट्या बघून पेरा

शाळेतली बाग किडीने क्वचितच जाते. ती जाते दिवाळीच्या सुट्टीत, पाण्यावाचून. म्हणून शेती मंडळाच्या पहिल्या बैठकीत बियाण्याच्या आधी सुट्ट्यांची यादी समोर घ्या.

मग हिशोब. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे रोज 50 ग्रॅम भाजी धरतात, म्हणजे 60 मुलांना 3 किलो. एक मीटर रुंद, तीन मीटर लांब वाफ्यातून मेथी साधारण तेवढीच निघते. सगळे वाफे एकाच दिवशी पेरले की एका आठवड्यात भाजीचा ढीग आणि नंतर महिनाभर काही नाही. आठवड्याला एकच वाफा पेरा. रुंदी मीटरपेक्षा जास्त नको. मुलांचा हात मध्यापर्यंत पोचत नाही आणि मग ती वाफ्यात पाय देतात.

जूनमध्ये शाळा उघडून चांगला पाऊस झाला की भेंडी, गवार, चवळी. कुंपणाला दोडका आणि दुधी. भेंडीचं बी रात्रभर भिजवून 45 बाय 30 सेंटिमीटरवर, एका जागी दोन दाणे. पावसाळ्यात पालेभाजी लावायची तर वाफा वीतभर उंच करा, नाहीतर पाणी साचून रोपं कुजतात. धने चपलेखाली रगडून दोन फाकी करून पेरावेत. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, आणि पाचव्या दिवशी कुणीतरी माती उकरून बघतंच. तिथे पाटी लावा.

भेंडी दिवसाआड तोडायची. टोक मोडून बघा: कट्टकन तुटलं तर कोवळी, वाकलं तर जून. शनिवारी सकाळच्या शाळेत बोटाएवढीसुद्धा काढून घ्या, सोमवारपर्यंत ती थांबत नाही. पानांच्या शिरा पिवळ्या पडलेलं झाड दिसलं की उपटून टाका. हा केवडा रोग पांढरी माशी पसरवते आणि त्यावर औषध नाही. माव्याला 5 टक्के निंबोळी अर्क चालतो: अर्धा किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवा, फडक्याने गाळा, एकूण 10 लिटर करा, चमचाभर साबणचुरा घाला. फवारणी मोठ्यांनी करावी, तीही शाळा सुटल्यावर.

टोमॅटो-वांग्याचं बी जुलैच्या मध्याला रोपवाटिकेत टाकलं की चार-पाच आठवड्यांत रोपं लावणीला येतात. लावणी संध्याकाळी करा. ही झाडं दिवाळीच्या सुट्टीतही उभी असणार, त्यामुळे बुंध्याशी चार बोटं पालापाचोळा पसरा आणि शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या जोड्यांना पाळी लावून द्या. फाटकाची आणि नळाची किल्ली कुणाकडे, हे फळ्यावर लिहून ठेवा. पाळी असते, किल्ली नसते, हे दरवर्षीचं दुखणं आहे. मेथीची शेवटची पेरणी सुट्टीच्या महिनाभर आधी उरका आणि शाळा सुटायच्या दिवशी वाफा रिकामा करा.

शाळा पुन्हा उघडली की खरा हंगाम. मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा. पालक मुळासकट उपटू नका, जमिनीपासून दोन बोटं ठेवून कापा, परत फुटतो. हात धुण्याचं पाणी चारी काढून अळू आणि केळीला सोडा. भाजीची देठं-सालं खतखड्ड्यात जाऊ द्या, शिजलेला भात मात्र नको, उंदीर येतात.

फेब्रुवारीनंतर लांबणीचं पीक घेऊ नये, तांदुळजा तेवढा पुरे. बियाण्यासाठी गावठी भेंडीच्या दोन-तीन शेंगा आणि एक दोडका झाडावरच वाळू द्या, त्यांना लाल चिंधी बांधा, नाहीतर कुणीतरी तोडणारच. संकरित वाणाचं बी धरू नका, पुढच्या वर्षी झाडं एकसारखी येत नाहीत. बी वाळवून राखेत घोळवा, बाटलीत भरा, वर वाणाचं नाव आणि वर्ष लिहा. एप्रिलच्या परीक्षेआधी वाफे खणून ठेवले की मेभर ऊन खातात.