मुलांचं घोरणं आणि झोपेत अडणारा श्वास: या चुका टाळा

"पोट्टं दिवसभर उंडारलं, थकलं, म्हणून घोरते." नागपुरातल्या घरांत सहज बोललं जाणारं हे वाक्य सर्दीच्या चार दिवसांपुरतं चालून जातं. सर्दी नसतानाही मूल आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री घोरत असेल, तर श्वासाची वाट कुठेतरी अरुंद झालेली असते. घोरणाऱ्या प्रत्येक मुलाला स्लीप अ‍ॅप्निया, म्हणजे झोपेत श्वास पुन्हा पुन्हा अडण्याचा आजार, असतो असं नाही. तो साधारण १ ते ५ टक्के मुलांत सापडतो. दोन ते आठ या वयात त्याचं प्रमाण जास्त, कारण तेव्हा टॉन्सिल आणि नाकामागचं अ‍ॅडेनॉइड घशातल्या जागेच्या मानाने फार मोठं असतं. लोक त्यालाच 'नाकात मांस वाढलं' म्हणतात.

पुढच्या बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे: मोठ्या माणसाच्या आजाराची फूटपट्टी मुलाला लावणं.

पेंगणारं मूल शोधणं

घोरणारा बाप दुपारी खुर्चीत पेंगतो. त्याचं मूल मात्र उलट वागतं: एका जागी बसत नाही, चिडतं, वर्गात लक्ष देत नाही. अंथरूण ओलं करणं बंद झालेलं असताना पुन्हा सुरू होणं, झोपेत डोक्याला घाम, मान मागे ताणून किंवा गुडघ्यांवर पालथं झोपणं, सकाळी डोकेदुखी, वजन न वाढणं ही लक्षणं एकत्र पाहावी लागतात. 'अतिचंचल' असा शिक्का मारण्याआधी मूल रात्री कसं झोपतं हे विचारलंच पाहिजे. हा प्रश्न विचारायचा राहून जातो तेव्हा औषध आधी सुरू होतं आणि कारण मागे राहतं.

टॉन्सिल बघून निकाल देणं हीसुद्धा चूकच. टॉन्सिलचा आकार आणि आजाराची तीव्रता यांचा मेळ ढोबळच बसतो. अ‍ॅडेनॉइड तर तोंडातून दिसतही नाही. मानेच्या बाजूच्या एक्स-रेत मूल रडत असेल किंवा गिळत असेल, तर टाळू वर सरकतो आणि अ‍ॅडेनॉइड आहे त्याहून मोठं दिसतं.

चुकीच्या वेळी, चुकीचा व्हिडिओ

मोबाईलवरचा व्हिडिओ डॉक्टरांना फार उपयोगी पडतो, पण बहुतेक व्हिडिओ रात्री दहाला, मूल नुकतंच झोपल्यावर काढलेले असतात. मुलांचा श्वास मुख्यतः स्वप्नांच्या झोपेत अडतो, आणि ती झोप उत्तररात्री जास्त असते. त्यामुळे पहाटे चार ते साडेपाचचा गजर लावा. त्यात मे महिन्यात कूलर सुरू असतो. रेकॉर्डिंगमध्ये फक्त त्याची घरघर ऐकू येते, घोरणं त्यात बुडून जातं. तीन मिनिटं कूलर बंद ठेवा. थंडीत गोधडी कमरेपर्यंत खाली सरकवा आणि शर्टाची बटणं उघडा. चेहरा, मान, छाती आणि पोट एकाच चौकटीत घ्या आणि कॅमेरा न हलवता सलग दोन-तीन मिनिटं चित्रण करा.

पाहायचं काय, तर आवाजापेक्षा हालचाल. पोट वर येताना छाती आत ओढली जातेय का? गळ्याच्या खालचा खळगा आत जातोय का? छाती-पोट धडपडतंय पण आवाज बंद, आणि मग एकदम दचकून मोठा श्वास, असं दिसलं तर तोच भाग डॉक्टरांना आधी दाखवा. तान्ह्या बाळांत छाती-पोटाची उलटी हालचाल स्वप्नांच्या झोपेत काही वेळा नैसर्गिक असते, तिथे निष्कर्ष घरी काढू नका. बाळ निळसर पडलं किंवा श्वास थांबून अंग ढिलं पडलं, तर मात्र व्हिडिओ काढत बसू नका, थेट तातडीच्या विभागात न्या.

घड्याळ आणि बोटावरचं यंत्र

स्मार्टवॉचचा 'झोपेचा स्कोअर' मुलांच्या निदानाला कामाचा नाही. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर घरोघरी आहे, पण तो मिनिटभर लावून ९७ दिसलं म्हणून काहीच सिद्ध होत नाही. मुलं ऑक्सिजन फारसा न घसरता जागी होऊन श्वास सोडवतात. त्यांचा ऑक्सिजन नीट राहतो, झोप मात्र तुकड्यातुकड्यांची होते. रात्रभराची ऑक्सिमेट्री करायची तर यंत्राची सरासरी घेण्याची वेळ तीन सेकंद किंवा कमी ठेवायला सांगा. ती जास्त असली की छोट्या घसरणी सरासरीत सपाट होतात. नेलपॉलिश काढा. मुलांसाठी घरच्या मर्यादित चाचणीवर निदान करू नये, अशी अमेरिकन झोपवैद्यक संघटनेची २०१७ ची भूमिका आहे.

अहवालातला 'नॉर्मल' शब्द

सगळ्यात महागात पडते ती ही चूक. झोपचाचणीत मुलाला रात्रभर तारा लावून झोप आणि श्वास मोजतात. तासाला किती वेळा श्वास अडला किंवा उथळ झाला, या आकड्याला एएचआय म्हणतात. मोठ्यांत पाचच्या खाली सामान्य धरतात. मुलांत एकच्या वर गेला की तो विकृत. १ ते ५ सौम्य, ५ ते १० मध्यम, १० च्या वर तीव्र. मोठ्यांत श्वास दहा सेकंद थांबावा लागतो, मुलांत दोन श्वास चुकले तरी मोजतात. प्रौढांच्या नियमाने मोजलेला अहवाल मुलाच्या हाती आला, तर त्यातलं 'नॉर्मल' निरर्थक ठरतं.

समजा, अहवालात झोप सात तास, अडथळ्याच्या घटना ३०, म्हणजे एएचआय ४.३. सौम्य वाटतं. आता स्वप्नांच्या झोपेची ओळ वाचा: ८४ मिनिटांत २१ घटना, म्हणजे तासाला १५. उरलेल्या झोपेत तासाला दोनसुद्धा नाहीत. आजार कुठे दडलाय ते सरासरीत दिसलंच नसतं. म्हणूनच मूल रात्री तीनला उठून रडलं आणि चाचणी तिथेच थांबली, तर अशा चाचणीवर 'काही नाही' असा निकाल मान्य करू नका. अडथळ्याचे आणि मेंदूकडून आलेले श्वासविराम वेगळे मोजलेत का तेही पाहा. दुसऱ्या प्रकारचे थोडे मुलांत असतातच. कार्बन डायऑक्साइडची नोंद आहे का, तेही विचारा.

चाचणीला जाताना केसांना तेल नको, तारा चिकटत नाहीत. आधीच्या दिवशी शाम्पूने धुवा. सर्दी असेल तर तारीख पुढे ढकला. मुलाची रोजची चादर सोबत न्या.

संशोधनाचा मथळा अर्धवट वाचणं

'ऑपरेशनची गरज नाही, मूल आपोआप बरं होतं' ही बातमी येते कुठून? २०१३ च्या अमेरिकन चाचणीत पाच ते नऊ वयाची ४६४ मुलं होती. सात महिन्यांनी टॉन्सिल-अ‍ॅडेनॉइड काढलेल्यांपैकी ७९ टक्के मुलांची झोपचाचणी सामान्य झाली, नुसतं लक्ष ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची. लक्ष देण्याच्या चाचण्यांत दोन्ही गट सारखेच, पण वागणूक आणि जीवनमानात ऑपरेशनवाले पुढे होते. २०२३ मध्ये ४५९ मुलांवरची दुसरी चाचणी आली, ज्यांचा एएचआय तीनच्या खाली होता अशांवरची. तिथेही वर्षभराने एकाग्रतेत फरक नाही, लक्षणं, वागणूक आणि रक्तदाबात मात्र फायदा.

आमच्या मते यातून घ्यायचं एवढंच: सौम्य आजारात थांबता येतं. पण त्या चाचण्यांत थांबणं म्हणजे ठरलेल्या तारखेला पुन्हा मोजणं होतं, 'मोठा होईल तसं जाईल' असं नव्हे. पहिल्या चाचणीत ऑक्सिजन फार घसरणारी मुलं घेतलीच नव्हती, म्हणून तिचा दाखला तीव्र आजाराला लावता येत नाही.

नाकातले थेंब

२०२३ च्या ऑस्ट्रेलियन चाचणीत २७६ मुलांना सहा आठवडे स्टिरॉइडचा किंवा साध्या खारट पाण्याचा फवारा दिला. ४४ आणि ४१ टक्के मुलांची लक्षणं गेली, जवळजवळ बरोबरी. मोजमाप लक्षणांवर होतं, झोपचाचणीवर नव्हे, हे विसरू नका. तरी खारट पाण्यापासून सुरुवात करणं शहाणपणाचं वाटतं.

फवारा मारताना मान किंचित पुढे, उजव्या नाकपुडीत डाव्या हाताने, आणि बाटलीचं तोंड नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे तर बाहेर कानाच्या दिशेने. पडद्यावर मारला की रक्त येतं आणि घरचे औषध बंद करतात. बाटली नीट वाचा. झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिनचे, नाक झटपट मोकळं करणारे थेंब खारट पाण्यासारखेच छोट्या बाटलीत मिळतात, आणि ते चार-पाच दिवसांपुढे चालवले की नाक उलट जास्त बंद होतं. तान्ह्याच्या नाकात तेल-तूप घालू नका. ते फुप्फुसात उतरू शकतं. मॉन्टेलुकास्ट हे अ‍ॅलर्जी-दम्याचं औषध सुरू असेल तर स्वभावातला बदल, वाईट स्वप्नं यांवर नजर ठेवा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० मध्ये याबद्दलचा इशारा कडक केला.

ऑपरेशन झालं, आता संपलं

२०१० च्या ५७८ मुलांच्या अभ्यासात ऑपरेशननंतर एएचआय एकच्या खाली आलेली मुलं जेमतेम २७ टक्के निघाली. बहुतेकांचा आजार कमी झाला, पण पूर्ण गेला नाही. वजन जास्त असलेली, सात वर्षांवरची आणि दम्याची मुलं मागे राहिली. म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा दाखवा आणि घोरणं उरलं असेल तर चाचणी परत करा.

तीन वर्षांखालचं मूल किंवा एएचआय दहाच्या वर असेल, तर पहिली रात्र रुग्णालयात देखरेखीखालीच काढा. खपली सुटून रक्त येण्याचा धोका पाचव्या ते दहाव्या दिवसात जास्त. दुखण्यासाठी किंवा खोकल्यासाठी घरात पडलेलं कोडीनचं सिरप देऊ नका. काही मुलांचं शरीर कोडीनचं मॉर्फिन फार वेगाने बनवतं आणि श्वास मंदावतो. अमेरिकेत बारा वर्षांखाली ते २०१७ पासून वर्ज्य आहे.

आणि विदर्भात एक गोष्ट विसरू नये: सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार. झोपेत ऑक्सिजन घसरला की लाल पेशी विळ्यासारख्या होतात. या आजाराच्या २४३ मुलांच्या २०१४ च्या अभ्यासात ४१ टक्क्यांचा एएचआय एक किंवा जास्त होता. एसएस पॅटर्नच्या, म्हणजे आई-वडील दोघांकडून सिकलचा दोष आलेल्या, मुलाचा ऑक्सिमीटर मुळातच थोडा कमी दाखवू शकतो, म्हणून एका आकड्यावरून ना घाबरायचं, ना निश्चिंत व्हायचं. घरात कुणाला सिकलसेल असेल किंवा तपासणी झालेली नसेल, तर ऑपरेशनची तारीख घेण्याआधीच इलेक्ट्रोफोरेसिस ही सिकलसेल ओळखणारी रक्ततपासणी करून घ्या आणि कागद भूल देणाऱ्या डॉक्टरांच्या हातात द्या. रक्त द्यायचं का, सलाईन केव्हा सुरू करायचं, अंग गरम कसं ठेवायचं, हे सगळं त्यांना आधीच ठरवावं लागतं.