‘वॉन्ट’ म्हणजे हवं की उणं? एका इंग्रजी शब्दाचं मूळ असं शोधा

‘आय वॉन्ट टी’ याचा अर्थ सांगायला कोश लागत नाही. पण बायबलच्या १६११ च्या इंग्रजी भाषांतरात तेविसाव्या स्तोत्राची सुरुवात ‘द लॉर्ड इज माय शेपर्ड, आय शॅल नॉट वॉन्ट’ अशी आहे. शाळेतला अर्थ लावला तर ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे, मला तो नको’ असं भलतंच निघतं. मराठी बायबलमध्ये त्याच ओळीला ‘मला काही उणे पडणार नाही’ असं म्हटलंय. हे ‘उणे’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आधी कोश कोणता उघडायचा ते ठरवा. विद्यार्थ्यांसाठीच्या ‘लर्नर्स’ कोशात आज सर्वाधिक चालणारा अर्थ पहिला असतो, त्यामुळे ‘वॉन्ट’खाली ‘इच्छा’ वर आणि ‘अभाव’ पार तळाशी. मोठ्या ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीत क्रम काळानुसार असतो, जुना अर्थ आधी. शब्दाचा प्रवास पाहायचा तर हाच कोश घ्या. त्यात क्रमांक १ हा मुख्य अर्थ नसून सर्वांत जुना अर्थ असतो, आणि नेमकी इथेच गफलत होते.

व्युत्पत्तीच्या कंसात तीन गोष्टी बघा. शब्द कुठल्या भाषेतून आला, तिथे त्याचा अर्थ काय होता, आणि तारांकन आहे का. तारांकन म्हणजे ते रूप कुठेही लिहिलेलं सापडलेलं नाही, अभ्यासकांनी तुलनेतून मांडलेलं आहे. ‘कदाचित’, ‘बहुधा’ हे शब्दही गाळू नका. ‘डिझायर’चा संबंध लॅटिनमधल्या ताऱ्यांच्या शब्दाशी लावतात, पण चांगले कोश त्याआधी ‘कदाचित’ घालतात. समाजमाध्यमांवर तेवढाच शब्द गळून पडतो.

‘वॉन्ट’च्या नोंदीत सापडतं ते असं. शब्द मूळचा इंग्रजी नाही. नवव्या शतकापासून इंग्लंडात वस्ती केलेल्या स्कँडिनेव्हियन लोकांच्या जुन्या नॉर्स भाषेतलं ‘वान्ता’, म्हणजे कमी असणं, उणं पडणं. इंग्रजीत तो १२०० च्या सुमारास दिसतो आणि तेव्हा अर्थ फक्त अभाव. जे कमी आहे त्याची गरज भासते, म्हणून पुढे ‘गरज’. आणि जे लागतं ते हवंसं वाटतं, म्हणून ‘इच्छा’. हा शेवटचा अर्थ रुळला तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीपासून. तोवर इच्छेचं काम करणारं ‘विल’ भविष्यकाळ दाखवण्यात गुंतलं होतं.

आता मराठीकडे या. नॉर्स शब्दाच्या मुळाशी ‘रिकामं, उणं’ अशा अर्थाचा धातू आहे आणि संस्कृत ‘ऊन’, म्हणजे कमी, त्याच कुळातला. ‘व’च्या जागी ‘ऊ’ कसा, असं वाटलं तर संस्कृतातल्या वच् (बोलणे)–उक्त, स्वप् (झोपणे)–सुप्त या जोड्या आठवा. अदलाबदल त्याच जातीची. या ‘ऊन’पासून आपलं उणं, उणीव, उणेदुणे. एकोणीस म्हणजे एकाने ऊन वीस. वाण्याकडे ‘पाऊण किलो’ मागता तेव्हाही पाव ऊन, म्हणजे पावाने कमी, असंच म्हणत असता. आइसलँडची भाषा नॉर्सच्या घरातली. तिथे आजही ‘मिग वान्तार’ म्हणतात. ‘मिग’ म्हणजे ‘मला’. ‘मी’ नव्हे, ‘मला’: आपल्या ‘मला पाहिजे’सारखीच ठेवण.

इथे एक सापळा आहे. ‘वॉन्ट’ आणि ‘वांछा’ कानाला जुळे वाटतात, अर्थही जुळतो, आणि ‘इंग्रजी शब्द संस्कृतातून आला’ असा निरोप तयार होतो. पण वांछा ही ‘विश’ची नातलग आहे, ‘वॉन्ट’ची नाही. ‘विल’चं नातं संस्कृत ‘वृ’शी, म्हणजे निवडण्याशी; ‘वर’ त्यातलाच. आवाज जुळला म्हणून नातं मानू नका. दोन्ही शब्दांची जुनी रूपं समोर ठेवा. आणि सख्खं नातं असलं तरी एक दुसऱ्यातून आला असं होत नाही. भावंडं आहेत ती, बाप-लेक नव्हेत.

वाचताना अर्थ ठरवायचा तर शेजारचे शब्द तपासा. पुढे ‘टू’ किंवा हवी ती वस्तू आणि कर्ता माणूस असेल, तर बहुतेक वेळा ‘हवं’. पुढे ‘फॉर’ आला की ‘उणं’: ‘दे वॉन्ट फॉर नथिंग’ म्हणजे त्यांना कशाचीच ददात नाही. पुढे ‘इंग’वालं रूप आणि कर्ता निर्जीव असेल तर गरज: ‘द गार्डन वॉन्ट्स वॉटरिंग’, बागेला पाणी घालायला झालंय. ब्रिटिश बोलण्यात ‘यू वॉन्ट टू बी केअरफुल’ हा सल्ला असतो: जरा जपून. ‘फाउंड वॉन्टिंग’ म्हणजे तोलून पाहिलं आणि उणा भरला. नाम असेल तर आधी अभाव धरा. रूझवेल्टनी ६ जानेवारी १९४१ च्या भाषणात मांडलेलं ‘फ्रीडम फ्रॉम वॉन्ट’ म्हणजे दारिद्र्यापासून मुक्ती. ‘इच्छेपासून मुक्ती’ असं भाषांतर केलंत तर अमेरिकेचा अध्यक्ष संन्यासी होईल.

मजकूर १७०० च्या आधीचा असेल तर चाचणी सोपी: ‘वॉन्ट’च्या जागी ‘उणं’ घालून वाक्य आधी वाचा, अडलं तरच ‘हवं’कडे जा. उलट आजच्या बातमीत किंवा ईमेलमध्ये ‘हवं’पासूनच सुरुवात करा, तिथे ‘उणं’ सहसा ‘फॉर वॉन्ट ऑफ’ (म्हणजे ‘च्या अभावी’) सारख्या ठरीव जोड्यांतच भेटतं.