इकॉनॉमायझर बसवण्याआधी पाण्याचं तापमान बघा

इकॉनॉमायझर म्हणजे चिमणीकडे जाणाऱ्या धुराने बॉयलरचं पाणी तापवणाऱ्या नळ्यांचा संच. तो बसवून धुरातली उष्णता परत मिळवायचं काम पहिल्यांदाच अंगावर आलं असेल, तर दोन आकडे तुम्हाला पाठ असतीलच. धूर साधारण २२ अंशांनी उतरला की कार्यक्षमता १ टक्का वाढते. फीड वॉटर, म्हणजे बॉयलरला जाणारं पाणी, ६ अंशांनी तापलं की इंधन १ टक्का वाचतं. आकडे बरोबर आहेत. घात होतो तो पुढे.

समजा, फर्नेस ऑइलवरच्या बॉयलरचा धूर २२० वरून १७० अंशांवर आणायचाय. इंधनातल्या गंधकामुळे धुरात आम्लाची वाफ असते; ती ज्या तापमानाखाली द्रव होऊन जमते तो आम्लाचा दवबिंदू १३० ते १५०च्या आसपास, म्हणजे कागदावर आपण सुरक्षित. पण आम्ल जमतं ते नळीवर, आणि नळी किती तापणार हे धूर ठरवत नाही, आतलं पाणी ठरवतं. धुराकडून धातूला उष्णता फार सावकाश मिळते. धातूकडून पाण्यात ती कितीतरी पटींनी झपाट्याने जाते. त्यामुळे धातू पाण्यापेक्षा जेमतेम ५-१० अंश वर राहतो. पाणी ६० अंशांचं, तर नळी ७०ची. चिमणीवरचा काटा १७० दाखवो की २००, त्या नळीवर गंधकाम्ल जमणारच. हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचा, कारण सुरुवातीचे काही महिने बचत खरोखर दिसते आणि सगळे खूश असतात.

लक्षणं मात्र आधीच दिसतात. पाणी जिथून आत शिरतं त्या शेवटच्या रांगांवर काजळी ओलसर, चिकट होते. ड्राफ्टचा फरक (नळ्यांच्या आधीच्या व नंतरच्या धुराच्या दाबातला) वाढतो, धूर ओढणाऱ्या आयडी फॅनचे अँपिअर चढतात. मग नळीला भोक. शटडाऊनमध्ये नुसत्या पाण्याने धुऊन तसंच सोडलंत, तर गंज आणखी जोरात चढतो. सोड्याच्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. इकॉनॉमायझर आयबीआरखाली (भारतीय बॉयलर नियमावली) येतो, तेव्हा वाटेल त्या वेल्डरकडून नळी जोडून घ्यायची नाही.

डीएरेटर, म्हणजे फीड वॉटर वाफेने तापवून त्यातला ऑक्सिजन काढणारी टाकी, लावला की प्रश्न मिटला, असं कोणी सांगेल. कोळशात गंधक कमी असेल तर बहुतेक वेळा मिटतो. फर्नेस ऑइलला डीएरेटरमधून येणारं १०५ अंशांचं पाणीही थंडच. तिथे इकॉनॉमायझरमधून बाहेर पडणारं गरम पाणी थोडं परत फिरवून आत शिरणारं पाणी १४०च्या घरात ठेवावं लागतं. बाहेर पडताना ते बॉयलरच्या दाबाला असलेल्या उकळबिंदूच्या १५-२० अंश खालीच हवं. उष्णता थोडी कमी मिळेल. मिळू दे.

घाबरून जाऊ नका. साखर कारखान्यातल्या बगॅसमध्ये (उसाच्या चिपाडात) गंधक नगण्य असतं, तिथे ही धास्ती बरीच कमी. पण इंधन बदललं की हिशेब नव्याने मांडा; मेघालयाच्या कोळशात गंधक भरपूर असतं.

इकॉनॉमायझरचा खर्च किती दिवसांत वसूल होईल हे सांगणाऱ्या पुरवठादाराच्या तक्त्यावर माझा काडीचा विश्वास नाही. त्यात फीड वॉटरचा रकाना बहुधा एकच असतो, तोही पूर्ण लोडचा. रात्रपाळीच्या बॉयलर अटेंडंटजवळ बसा, लॉगबुकातलं सर्वांत थंड पाणी शोधा. ते सोमवारी सकाळी, कंडेन्सेट (वाफेचं झालेलं गरम पाणी) परत यायच्या आधी सापडतं. नळीचा हिशेब त्याच आकड्यावर करा.

आणि धुरातला ऑक्सिजन इकॉनॉमायझरच्या आधी व नंतर, दोन्हीकडे मोजा. आधी ३ टक्के आणि नंतर ७ निघाला, तर डक्टमधून बाहेरची हवा आत येतेय. धूर थंड दिसतोय तो त्या हवेमुळे.