नोकरी करता करता शिकायचंय? कुठल्याही वयात ऑफिसकडून मदत कशी मिळवायची

नोकरी चालू असताना शिकावंसं वाटलं की बहुतेक जण आधी कोर्स शोधतात, मग फीचा आकडा बघतात, मग एचआरला जाऊन विचारतात "काही मिळतं का यासाठी?" आणि तिकडून "बघतो" असं उत्तर आलं की विषय तिथेच संपतो. हा क्रम उलटा करा. आधी आपण का शिकतोय ते स्वतःशी नीट ठरवा, मग कामाच्या ठिकाणी नक्की काय मागायचं ते ठरवा, आणि मागताना पैशांच्या आधी वेळ मागा. फी कशीबशी उभी राहते, हप्ते पडतात, स्कॉलरशिप असतात, पण रात्री उशिरा दमून घरी पोचणाऱ्या माणसाला अभ्यासाचे दोन तास कुणी उसने देत नाही. अर्धवट सुटलेल्या कोर्सेसच्या मागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

आधी कारण पक्कं करा

सिरिल हूल नावाच्या अमेरिकन प्राध्यापकांनी सतत शिकत राहणाऱ्या २२ प्रौढांच्या मुलाखती घेतल्या होत्या आणि १९६१ मध्ये त्यावरून तीन प्रकार मांडले. काही जण ठरावीक उद्दिष्टासाठी शिकतात, काही जण माणसांत मिसळायला मिळतं, रुटीनमधून बाहेर पडता येतं म्हणून शिकतात, आणि काहींना शिकणंच आवडतं, त्यातून काय मिळेल हा प्रश्नच त्यांना पडत नाही. तिन्ही कारणं खरी आहेत, एकाच माणसात तिन्ही असू शकतात, त्यात लाजण्यासारखं काही नाही. फक्त कुठलं कारण आपलं आहे आणि त्यातलं कुठलं ऑफिसला सांगायचं हे वेगळं काढून ठेवा.

वयाप्रमाणे कारणं बदलतात. विशीत डिग्री अर्धी राहिलेली असते किंवा हातात डिग्री असते पण काम येत नसतं. तिशीत प्रमोशन अडलेलं असतं, नाहीतर क्षेत्रच बदलायचं असतं, आणि नेमकी तेव्हाच मुलं लहान असतात. मुलांसाठी काही वर्षं नोकरी सोडून परत आलेल्या बायकांना तर कामच बदललेलं दिसतं, सॉफ्टवेअर नवीन, फॉर्म नवीन, आणि विचारायला संकोच वाटतो. चाळिशी-पन्नाशीत कारण बऱ्याचदा भीतीचं असतं, आपलं काम मशीन करायला लागलं तर काय, नवीन आलेली पोरं पुढे गेली तर काय, आणि ही भीती कुणी बोलून दाखवत नाही. रिटायरमेंट जवळ आलेल्यांना पुढची वीस वर्षं दिसायला लागतात, कुणाला सल्लागार म्हणून काम करायचं असतं, कुणाला शिकवायचं असतं, कुणाला तरुणपणी राहून गेलेला विषय एकदा नीट समजून घ्यायचा असतो.

पन्नाशीच्या लोकांना "आता या वयात कशाला" असं ऐकवलं जातं आणि मग तेही तसंच म्हणायला लागतात, त्यांच्यासाठी थोडं जास्त लिहितो. माहिती झटपट पकडायचा वेग वयाप्रमाणे हळूहळू कमी होतो हे खरंय, पण शब्दसंपत्ती, साठलेलं ज्ञान आणि जुन्या अनुभवाला नवीन गोष्ट जोडायची ताकद साठीपर्यंत चांगली टिकते. म्हणजे फरक पद्धतीत करायचा. विसरण्याचा अभ्यास जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवर प्रयोग करून १८८५ मध्ये मांडला, त्यात सरळ दिसतं की शिकलेलं सुरुवातीला भराभर विसरतं, आणि एकदम घोकण्यापेक्षा अंतर ठेवून उजळणी केली तर कमी मेहनतीत टिकतं. त्यामुळे सलग आठ दिवसांच्या क्रॅश कोर्सपेक्षा आठवड्याला एक अर्धा दिवस, असा काही महिने मिळाला तर जास्त पदरात पडतं, आणि हे विशीतल्यांनाही लागू आहे. ऑफिसमध्ये वेळ मागताना ही गोष्ट डोक्यात असू द्या.

कंपनी मदत करते ती कशासाठी

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६० च्या दशकात एक साधा फरक दाखवून दिला. काही शिक्षण फक्त त्याच कंपनीत कामाचं असतं, तिथली मशीन, तिथली सिस्टिम. काही शिक्षण कुठेही चालतं. पहिल्यावर कंपनी आनंदाने खर्च करते, दुसऱ्यावर करताना हात आखडतो, कारण शिकून झाल्यावर माणूस दुसरीकडे गेला तर फायदा दुसऱ्याचा. फी देताना "दोन वर्षं सोडून जाणार नाही" असा बॉण्ड का लिहून घेतात ते इथे कळतं. आणि तुमची मागणी कशी मांडायची तेही इथेच कळतं. कोर्स कुठेही चालणारा असला तरी त्यातला एखादा तरी भाग तुमच्या सध्याच्या कामाला नेऊन जोडा, म्हणजे समोरच्याला होकार द्यायला काहीतरी हातात मिळतं.

कंपनीचं हितही यात असतं. जुना माणूस गेला की नवीन शोधायचा, त्याला शिकवायचं, तोपर्यंत काम अडतं, त्यापेक्षा असलेल्या माणसाला शिकवणं बऱ्याचदा स्वस्त पडतं. मदत मागणं म्हणजे उपकार मागणं नाही.

काही ठिकाणी तर हा कायद्याचाच भाग आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७४ मध्येच पगारी शैक्षणिक रजेचा करार, क्रमांक १४०, मंजूर केला. जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत वर्षाला साधारण ५ दिवस शिकण्यासाठी पगारी रजा मिळते, आणि विषय थेट कामाशी जोडलेला असलाच पाहिजे असंही सगळीकडे नाही. ब्रिटनमध्ये २५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या ठिकाणी २६ आठवडे नोकरी झालेल्याला शिकायला वेळ मागायचा हक्क आहे, मालक कारण देऊन नाही म्हणू शकतो पण मागणीचा विचार त्याला करावाच लागतो. आपण जिथे काम करतो तिथला नियम आणि कंपनीची पॉलिसी आधी वाचून घ्या, बऱ्याच जागी सवलत पॉलिसीत लिहिलेली असते आणि कुणी मागतच नाही.

नक्की काय मागायचं

फी हा एक भाग झाला, आणि तीही दोन तऱ्हेने मिळते, आधी किंवा पास झाल्यावर परत, दुसऱ्या प्रकारात सुरुवातीला पैसे तुमच्याच खिशातून जातात हे लक्षात घ्या. पण त्याशिवाय परीक्षेची रजा, क्लासच्या दिवशी लवकर सुटणं, ठरलेली शिफ्ट, अभ्यासाला शांत खोली, प्रोजेक्टसाठी ऑफिसमधलंच काम, शिकवणारा एखादा सीनियर, हे सगळं मागता येतं आणि यातल्या बऱ्याच गोष्टींना कंपनीला एक पैसा लागत नाही. शिफ्टमध्ये काम करणाऱ्यांनी तर बाकी काही मिळालं नाही तरी परीक्षेच्या महिन्याचं शिफ्टचं वेळापत्रक आधी लावून घ्यावं, कारण रात्रपाळी करून सकाळी पेपरला बसणं म्हणजे वर्षभराच्या अभ्यासावर पाणी.

तोंडी बोला, पण नंतर मेल टाकाच. साधारण असा:

"सर, काल बोललो त्याप्रमाणे मी पुढच्या महिन्यापासून डेटा ॲनालिसिसचा आठ महिन्यांचा पार्टटाइम कोर्स करणार आहे. आपल्या टीमचा महिन्याचा रिपोर्ट सध्या हाताने जोडावा लागतो, कोर्सचा प्रोजेक्ट मी त्यावरच करेन म्हणतो, तुमची परवानगी असेल तर. त्यासाठी दर बुधवारी चार वाजता निघायची मुभा हवी, तो वेळ सोमवारी आणि मंगळवारी लवकर येऊन भरून काढेन. परीक्षेआधी चार दिवस रजा लागेल, तारखा सोबत जोडल्यात. बुधवारचे चारनंतरचे फोन कोण घेईल ते टीममध्ये बोलून ठरवलंय. तीन महिन्यांनी बसून बघू, कामावर परिणाम होत असेल तर वेळ बदलू."

यात बघा, कोर्स, कंपनीचा फायदा, नेमकी मागणी, काम कोण बघणार आणि कधी आढावा घ्यायचा, सगळं आलंय, मॅनेजरला स्वतः काही शोधायचं राहत नाही. आढाव्याची तारीख देणं विसरू नका, कायमची परवानगी द्यायला लोक घाबरतात, तीन महिन्यांची सहज देतात. आणि ऑफिसचा डेटा कोर्सच्या प्रोजेक्टमध्ये वापरायचा असेल तर लेखी परवानगीशिवाय वापरू नका.

बॉण्डवर सही करायच्या आधी

इथे घाई नको. किती काळ थांबायचं आणि तो काळ कधीपासून मोजायचा, कोर्स सुरू झाल्यापासून की संपल्यापासून? मधेच नोकरी सोडली तर पूर्ण रक्कम परत करायची की जितकं थांबलो तितकी कमी होत जाते? कंपनीनेच काढलं तर? नापास झालो किंवा आजारपणामुळे कोर्स सुटला तर? बदली झाली आणि क्लासला जाणंच अशक्य झालं तर? ही उत्तरं कागदावर असली पाहिजेत, "तसं काही होत नाही हो" या आश्वासनावर सही करू नका, देणारा माणूस भला असला तरी उद्या तो त्या खुर्चीत नसेल. मिळालेल्या फीवर टॅक्स लागतो का तेही विचारा, देशोदेशी नियम वेगळे आहेत, अमेरिकेत उदाहरणार्थ ठरावीक मर्यादेपर्यंतची अशी मदत करमुक्त धरली जाते.

नाही म्हणाले तर

कारण विचारा, शांतपणे. बजेट नाही म्हणाले तर फी सोडा आणि फक्त बुधवार मागा. आत्ता कामाचा लोड आहे म्हणाले तर कधी कमी होईल ते विचारून तेव्हाची तारीख पक्की करा. विषय कामाचा नाही म्हणाले तर मोठ्या कोर्समधला एखादा छोटा कामाचा भाग आधी करा, त्यातलं शिकलेलं टीमला एका मीटिंगमध्ये दाखवा आणि अप्रेझलच्या आधी परत विषय काढा, कारण पुढच्या वर्षीचं बजेट बऱ्याच ठिकाणी त्याच सुमारास ठरतं. आणि विषय कामाशी अजिबात जुळत नसेल, निव्वळ आवडीचा असेल, तर ओढूनताणून कामाशी जोडू नका, सरळ सांगा की हे माझं स्वतःचं आहे, मला पैसे नकोत, फक्त गुरुवारी वेळेवर निघू द्या. इतकं प्रामाणिक मागणं बरेच मॅनेजर मान्य करतात.

छोट्या ऑफिसच्या मालकांनी हे वाचलं तर एवढंच सांगतो की मोठं बजेट नसलं तरी चालतं, परीक्षेच्या तारखा आधी विचारून ठेवा, त्या दिवसांत ओव्हरटाइम लावू नका, आणि पन्नाशीच्या माणसालाही कोर्सबद्दल विचारा. ट्रेनिंगच्या यादीत नेहमी तरुणांचीच नावं जातात, आणि आपलं नाव पुढे करायला तो माणूस स्वतःहून सहसा येत नाही.