नव्या शेतातील अनोळखी फळझाडे: मे-जूनमधील ओळख, काढणी आणि वापर

ज्यांनी यंदा सातारा किंवा सांगली जिल्ह्यात नवी जमीन घेतली आहे, किंवा ज्यांच्या वाट्याला वाटणीत एखादा जुना मळा आला आहे, त्यांच्यासाठी मे आणि जून हे महिने फार मोलाचे आहेत. रायवळ आंबा, फणस, करवंद, रायआवळा, कोकम आणि जांभूळ ही फळे याच काळात एकामागून एक तयार होतात. एरवी केवळ पानांवरून न ओळखता येणारे झाड फळामुळे या दिवसांत सहज ओळखू येते. म्हणून या हंगामात दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्यात. ओळख पटल्याशिवाय कोणतेही फळ तोंडात घालू नये, आणि वर्षाचे सगळे ऋतू पाहिल्याशिवाय कोणतेही झाड तोडू नये. जमीन ताब्यात आल्याबरोबर सपाटीकरणासाठी यंत्र बोलावले जाते आणि पन्नास-साठ वर्षांची झाडे एका दिवसात उखडली जातात, हे आपल्या भागात वारंवार घडते. ते झाड कशाचे होते हे जाणून घेण्याचीही संधी मग उरत नाही.

पहिले काम म्हणून बांधावरच्या आणि मळ्यातल्या प्रत्येक झाडाला क्रमांकाची पट्टी बांधावी. खिळा ठोकू नये. वहीत प्रत्येक क्रमांकासाठी एक पान ठेवून त्यावर पालवी, मोहोर, फळधारणा, फळ पिकणे आणि पानगळ यांच्या तारखा लिहाव्यात. आधी जमीन कसणारा शेतकरी, शेजारचे बांधकरी, गुरे राखणारी माणसे आणि गावातील वयस्कर स्त्रिया यांना बरोबर घेऊन एक फेरी मारावी. कोणत्या झाडाचा आंबा लोणच्याचा आणि कोणत्याचा रसाचा, कोणता फणस कापा (टणक गऱ्यांचा) आणि कोणता बरका (मऊ, रसाळ गऱ्यांचा), ही माहिती कोणत्याही कार्यालयात मिळत नाही. ती या माणसांजवळच असते. त्यांनाही जे झाड ओळखता येणार नाही त्याची पानांसह एक फांदी, फूल आणि फळ वर्तमानपत्राच्या घडीत दाबून ठेवावे आणि कृषी विज्ञान केंद्रात दाखवावे. सातारा जिल्ह्यात बोरगाव आणि कालवडे येथे, तर सांगली जिल्ह्यात कांचनपूर येथे अशी केंद्रे आहेत. मोबाइलवरील झाडे ओळखणारे ॲप केवळ अंदाजासाठी वापरावे; त्याच्या भरवशावर फळ खाऊ नये.

ओळख करताना फळाच्या जोडीने खोड, साल, काटे आणि पानांची मांडणी पाहावी, कारण फळ एकटे असताना फसवते. गेळा या काटेरी रानझाडाचे पिकलेले पिवळे फळ लहान पेरूसारखे दिसते आणि पेरूप्रमाणेच त्याच्याही टोकाला पाकळ्यांसारखा मुकुट असतो. मात्र गेळ्याच्या फांद्यांना सरळ, टणक काटे असतात. पेरूला काटे नसतात, त्याची साल पापुद्र्यांनी सुटून खोड गुळगुळीत दिसते आणि पान चुरगळले की ओळखीचा वास येतो. गेळ्याच्या फळाने जोराच्या उलट्या होतात. कडुनिंब आणि बकाण निंब यांच्या बाबतीतही अशीच गल्लत होते. कडुनिंबाचे पान एकेरी पिसासारखे असते, त्याची फुले पांढरी असतात आणि लांबट निंबोळ्या पावसाच्या तोंडावर पिकतात. बकाण निंबाची पाने दुहेरी-तिहेरी विभागलेली असतात, फुले फिकट जांभळी असतात आणि गोल पिवळी फळे पाने गळून गेल्यावरही झाडावर लोंबत राहतात. ही फळे विषारी आहेत. दारात सावलीसाठी लावलेले झाड बकाण निंबाचे असेल, तर लहान मुलांना त्याबद्दल स्पष्टपणे सांगून ठेवावे.

पक्षी खातात ते फळ माणसालाही चालते, ही समजूत सर्वात धोक्याची आहे. कोकीळ पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची, फळे खातो. माणसाच्या हृदयाचे ठोके मात्र त्याच फळातील विषाने बिघडतात आणि मृत्यूही ओढवू शकतो. चीक असलेले फळ वाईट, हा नियमही खरा नाही, कारण फणस, चिकू, करवंद आणि उंबर या सर्वांना चीक असतो. चवीवरून पारख करणेही योग्य नाही. कुंपणाला लावलेल्या चंद्रज्योतीच्या बिया चवीला शेंगदाण्यासारख्या लागतात, म्हणूनच मुले त्या खातात आणि उलट्या-जुलाबांनी आजारी पडतात. एरंडाच्या बियाही विषारी आहेत. पाटण, जावळी आणि शिराळ्याच्या डोंगराळ पट्ट्यात जमीन घेणाऱ्यांनी आणखी काही झाडे नीट पाहून घ्यावीत. काजऱ्याचे फळ गोल, गुळगुळीत आणि नारिंगी असल्यामुळे लिंबूवर्गीय वाटते, पण त्याच्या चपट्या बिया अत्यंत विषारी असतात. त्याची पाने समोरासमोर असून पानाच्या बुडापासून तीन ते पाच ठळक शिरा निघतात, तर लिंबूवर्गीय झाडाचे पान चोळले की सुवास येतो. बिब्ब्याच्या काळ्या बीच्या आणि काजूच्या कच्च्या टरफलातील तेलाने कातडी भाजते, त्यामुळे काजूच्या बिया घरात, बंद जागेत भाजू नयेत. भेरली माडाच्या लोंबणाऱ्या माळांवरील फळे हाताळली तरी असह्य खाज सुटते.

कोणी अनोळखी फळ खाल्लेच, तर त्रास होण्याची वाट पाहू नये. मीठपाणी पाजून उलटी करवू नये, तूप किंवा दूध पाजण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि उरलेले फळ व पानांसह फांदी रुग्णालयात बरोबर न्यावी. बिट्टी खाल्लेला माणूस सुरुवातीचे काही तास ठीक दिसू शकतो, तरीही त्याला रुग्णालयात दाखल करणे आवश्यक असते.

पूर्वेकडील तालुक्यांत प्रश्न निराळा आहे. तासगाव, मिरज किंवा कवठेमहांकाळ भागात द्राक्षबागेसह जमीन घेतली असेल, तर मे महिन्यात वेलीवर फळ दिसणार नाही, कारण एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी (फळे काढल्यावर जुन्या काड्या छाटणे) झालेली असते आणि फळासाठीची छाटणी ऑक्टोबरच्या आसपास होते. बाग वाळली असे समजून ती काढू नये. मात्र कलमाच्या जोडाच्या खालून फुटलेली फूट डॉगरिज खुंटाची, म्हणजे ज्यावर द्राक्षाचे कलम बांधले जाते त्या वेलीची, असते. ती वेळीच काढावी, नाहीतर जातिवंत वेल दबून जाते. लिंबूवर्गीय झाडांतही हेच घडते. वरचे मोसंबीचे कलम मेलेले असते आणि खालून वाढलेल्या जंबेरी खुंटाला खडबडीत सालीची, आंबट फळे लागतात. ती खायला योग्य असली तरी तिला मोसंबी समजून खतपाणी देण्यात अर्थ नाही. आटपाडी, जत किंवा माणमधील डाळिंबाच्या बागेत तेलकट डागांची फळे दिसली तर ती काढून बागेबाहेर नष्ट करावीत. व्यापारी बाग घेताना आधीच्या मालकाकडून फवारणीची नोंदवही अवश्य मागून घ्यावी. शेवटची फवारणी कोणत्या औषधाची आणि केव्हाची होती, तसेच त्या औषधाच्या वेष्टनावर काढणीपूर्वी किती दिवस थांबण्यास सांगितले आहे, हे कळल्याशिवाय त्या बागेतील फळे घरीही खाऊ नयेत आणि बाजारातही पाठवू नयेत.

आता या हंगामातील मुख्य फळाकडे, म्हणजे रायवळ आंब्याकडे वळू. कोयीपासून वाढलेले प्रत्येक झाड स्वतंत्र गुणाचे असते, म्हणून एका झाडाच्या फळावरून शेजारच्या झाडाची परीक्षा करू नये. प्रत्येक झाडाची पाच-सहा फळे वेगळी पिकवून रस, धागा, आंबटपणा, कोयीचा आकार आणि टिकाऊपणा वहीत लिहावा. आंबट, घट्ट गराचे आणि जाड सालीचे फळ लोणच्याला व आमचुराला, पातळ रसाचे गोड फळ चोखून खाण्यास व आंबापोळीला आणि भरपूर गराचे फळ रसाला राखावे. झाडाला पाड लागला (एखाद-दुसरे फळ झाडावरच पिकू लागले), देठाजवळचे खांदे भरून वर आले आणि फळ पाण्यात टाकल्यावर बुडू लागले की काढणीस सुरुवात करावी. फांद्या हलवून किंवा काठीने झोडपून आंबे पाडू नयेत. झेल्याने (जाळी बांधलेल्या काठीने), बोटाच्या एका पेराएवढा देठ ठेवून, सकाळच्या वेळी फळे उतरवावीत आणि देठ खाली करून चीक निथळू द्यावा. चीक सालीवर पसरला की तेथे काळा डाग पडतो आणि पुढे फळ त्याच जागी सडते. आढी घालताना, म्हणजे फळे पिकत ठेवताना, भाताच्या पेंढ्याचे थर द्यावेत, हवा खेळती ठेवावी आणि एक दिवसाआड फळे तपासून सडके फळ बाहेर काढावे. कॅल्शियम कार्बाइडने फळे पिकवण्यास कायद्याने बंदी आहे. कार्बाइडची पुडी ठेवलेले फळ वरून पिवळे होते पण आत कच्चे राहते, आणि ते घरच्यांना खाऊ घालणे तर मुळीच योग्य नाही.

वळवाचा पाऊस झाल्यावर फळमाशीचा उपद्रव वाढतो. गळलेली फळे झाडाखाली सडू देऊ नयेत. ती रोज गोळा करून दीड-दोन फूट खोल पुरावीत आणि फळमाश्यांना आकर्षून घेणाऱ्या मिथाइल युजेनॉलचे रक्षक सापळे फांद्यांना टांगावेत. लोणच्यासाठी फोडी करायच्या असतील तर हा पाऊस येण्यापूर्वीच कैऱ्या उतरवाव्यात. फोडींच्या वजनाच्या साधारण १५ ते २० टक्के मीठ लावून त्या काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीत ठेवल्यास पुढे सवडीने लोणचे घालता येते.

फणस तयार झाला की त्याचे काटे पसरट होतात, त्यांच्यातील अंतर वाढते आणि हाताने थापटल्यावर पोकळ आवाज येतो. कापताना हाताला व सुरीला गोडेतेल लावावे. आठळ्या कच्च्या न खाता उकडून किंवा भाजून खाव्यात. जांभळाच्या झाडावर चढू नये, कारण त्याच्या फांद्या ठिसूळ असून अचानक मोडतात. खाली जाळी किंवा स्वच्छ चादर धरून बांबूने हलकेच हलवावे. हे फळ एक-दोन दिवसांपेक्षा अधिक टिकत नाही, म्हणून जे विकले जाणार नाही त्याचा गर त्याच दिवशी स्टीलच्या भांड्यात शिजवून सरबतासाठी ठेवावा. पाटणच्या बाजूला कोकम सापडल्यास सालींना त्याच फळाच्या रसाची पुन्हा पुन्हा पुटे देऊन उन्हात वाळवावे. बियाही फेकू नयेत, त्यांपासून तेल निघते. महाबळेश्वरच्या पट्ट्यातील आंबगुळाचे लाल फळ त्यावरील चंदेरी ठिपक्यांवरून ओळखता येते आणि ते खाण्यास चांगले असते. परसात पाच धारांचे कमरख असेल, तर मूत्रपिंडाचा विकार असलेल्या व्यक्तीला ते मुळीच देऊ नये.

चिंच, आवळा, बोर, कवठ आणि सीताफळ ही झाडे सध्या पिकल्या फळांविना उभी असतील. त्यांची नोंद पानांवरून करून ठेवावी आणि सीताफळाच्या बियांची पूड डोळ्यांत गेल्यास इजा होते, हे लक्षात ठेवावे.

झाड नकोसे वाटले तरी कायद्याच्या यादीतील झाडे परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, मोह आणि हिरडा यांचा समावेश आहे, तर महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र असल्याने तेथे निर्बंध अधिक आहेत. अमुक आंब्याची फळे भावकीत वाटून घ्यायची, असा जुना रिवाजही काही ठिकाणी असतो. तो फळे उतरवण्यापूर्वीच विचारून घ्यावा. खरीप हंगामाची ई-पीक पाहणी (मोबाइलवरून होणारी पिकांची सरकारी नोंद) सुरू झाली की बांधावरची झाडे तिच्यात नोंदवावीत. ज्या रायवळाचे फळ वहीतील नोंदींप्रमाणे कोणत्याच उपयोगाचे ठरले नाही, त्याचे खोड न तोडता फांद्या छाटून येणाऱ्या नव्या फुटींवर चांगल्या जातीचे पाचर कलम बांधता येते. त्यासाठी हवी असलेली काडी कोणत्या झाडाची घ्यायची, हे मात्र याच हंगामात फळ चाखून ठरवावे आणि त्या झाडाचा क्रमांक वहीत नोंदवून ठेवावा.