साइटला रेझरपे जोडताय? मग वेबहुकशिवाय लाइव्ह जाऊ नका

समजा तुमची हापूसच्या पेट्या विकायची साइट आहे आणि तिला रेझरपे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेणारी सेवा, जोडायचीय. पे बटण लावणं सोपंय, खरं काम त्याच्या मागे असतं.

आधी टेस्ट मोडच्या (खरे पैसे न कापता चाचणी करायच्या) की काढा, म्हणजे तुमची साइट ओळखणारी आयडी आणि सीक्रेटची जोडी. की आयडी पेजवर दिसली तरी चालते, की सीक्रेट मात्र सर्व्हरवरच, जावास्क्रिप्टमध्ये नाही आणि गिटमध्ये तर अजिबात नाही.

गिऱ्हाइकाने बटण दाबलं की तुमच्या सर्व्हरने रेझरपेकडे ऑर्डर बनवायची, रक्कम पैशांत, म्हणजे १२०० रुपयांच्या पेटीला १२०००० पाठवायचे, नुसते १२०० पाठवलेत तर पेटी १२ रुपयांत गेली म्हणून समजा. आणि रक्कम ब्राउझरकडून घेऊ नका, कार्ट बघून सर्व्हरवरच काढा.

पैसे भरले की चेकआउट, म्हणजे रेझरपेची पैसे भरायची खिडकी, पेमेंट आयडी, ऑर्डर आयडी आणि सिग्नेचर परत देतं. तुमच्या डेटाबेसमधला ऑर्डर आयडी, मग उभी रेघ, मग पेमेंट आयडी असं जोडून की सीक्रेटने एचमॅक शा-२५६ (सीक्रेट वापरून काढलेला मजकुराचा ठसा) काढा आणि आलेल्या सिग्नेचरशी जुळवा.

बरेच जण इथेच थांबतात. पण गिऱ्हाईक यूपीआय अ‍ॅपमध्ये गेलं, पैसे कटले, आणि तेवढ्यात फोनने ब्राउझरचा टॅबच मारला तर? तुमच्याकडे ऑर्डर पेंडिंग, त्याच्याकडे बँकेचा मेसेज, आणि मग फोनवर फोन. म्हणून वेबहुक, म्हणजे पैसे आले की रेझरपेने थेट तुमच्या सर्व्हरला पाठवलेला निरोप, लावायचाच, डॅशबोर्डवर यूआरएल द्या, पेमेंट कॅप्चर्ड हा इव्हेंट निवडा. त्याची सीक्रेट वेगळी असते, आणि सिग्नेचर तपासायची ती कच्च्या बॉडीवर, म्हणजे निरोपाचा मजकूर आला तसाच्या तसा धरून, फ्रेमवर्कने जेसन पार्स करून परत स्ट्रिंग केली की एखादी स्पेस इकडची तिकडे होते आणि काही केल्या जुळत नाही, लोकांचे दिवस जातात यात.

५ सेकंदांत २०० (म्हणजे ‘मिळालं’ असा एचटीटीपी कोड) परत द्या, मेल पाठवणं, स्टॉक कमी करणं हे सगळं नंतर क्यूमधून, म्हणजे कामांच्या रांगेतून. उशीर झाला तर रेझरपे तोच इव्हेंट परत पाठवतं, त्यामुळे हेडरमधला इव्हेंट आयडी सेव्ह करा आणि आधीच आलेला असेल तर गपचूप सोडून द्या, नाहीतर एका ऑर्डरच्या दोन पेट्या जातील. इव्हेंट क्रमानेच येतील असंही धरू नका.

लोकलहोस्टवर, म्हणजे तुमच्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या साइटवर, वेबहुक येत नाही, तिला इंटरनेटवरून पोचता येईल असा पत्ता देणारा एनग्रॉकसारखा टनल लावा. फेल होणारं पेमेंटही करून बघा. आणि लाइव्ह जाताना नुसत्या की बदलून भागत नाही, लाइव्ह मोडमध्ये वेबहुक परत वेगळा टाकावा लागतो.